दार लागलं की सांगा

माझ्या मावशीला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. हॉलच्या दारावर उभं आयुष्य काढलेल्या बाईची गोष्ट म्हटली की लोक लगेच मान तिरकी करून ऐकायला लागतात. आता ही बाई कोपऱ्यात उभी राहून गाणं शिकली असणार आणि एक दिवस भल्याभल्यांची चूक काढणार, असं त्यांना वाटतं. तसलं काही झालेलं नाही. मावशी हॉलमध्ये बसायची तीच मुळी रंगमंचाकडे पाठ आणि दाराकडे तोंड करून. आज कोण गायलं, कसं गायलं असं विचारलं तर म्हणायची, "होतं कोणीतरी, जाड आवाजाचं. पण लोक वेळेवर आले हो." कार्यक्रम चांगला झाला की वाईट, हे तिच्या मते एवढ्यावरच ठरायचं.

ती माझी सख्खी मावशी, माझ्या आईची थोरली बहीण. बाकी सगळ्या वस्तीची नुसतीच मावशी. गायक, वादक, तिकीट काढणारे, न काढता घुसू बघणारे, सगळे तिला मावशीच म्हणायचे आणि सगळे तिला टरकून असायचे.

हॉल आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. एका बाजूला ड्रायक्लीनर, दुसऱ्या बाजूला चावीवाल्याचं खोपटं, समोर बसथांबा आणि त्याला लागून भाजीबाजार. एके काळी तिथे कागदाचं गोदाम होतं. म्हाताऱ्या मालकांनी ते हौसेने घेतलं, आत लाकडी जमीन घातली, खुर्च्या मांडल्या, भिंतींना जाड कापड लावलं. पण हौस भागवता भागवता पुढचा व्हरांडा मोबाइल दुरुस्तीवाल्याला भाड्याने द्यावा लागला आणि हॉलचं दार त्याच्या बाजूला काढावं लागलं. त्यामुळे झालं असं, की हॉलचं दार उघडलं की तुम्ही थेट फुटपाथवर. मधे ना बोळ, ना पडदा, ना दुसरं दार. त्यात मालकांचा हट्ट, की या हॉलमध्ये माइक लागणार नाही. "गाणाऱ्याचा गळा आणि ऐकणाऱ्याचा कान, यांच्या मधे वायर कशाला?" असं ते म्हणायचे. म्हणजे दार जरा किलकिलं झालं, की बसचा हॉर्न, टोमॅटोवाल्याची आरोळी आणि दारापुढच्या ज्यूसवाल्याचं मशीन ही सगळी मंडळी गाणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसायची.

आमच्या वस्तीत पूर्वी करमणुकीची काही कमी नव्हती. नाटकाचं थिएटर होतं, त्याचं फर्निचरचं दुकान झालं. बाहुल्यांचे खेळ व्हायचे त्या खोलीत व्यायामशाळा आली. आता तिथे माणसंच दोऱ्यांना लटकतात. एका हॉटेलच्या गच्चीवर कॉलेजातली पोरं गिटार वाजवायची, तिथे मोबाइलचा टॉवर उभा राहिला. उरला तो एवढा एक हॉल, आणि हॉलचं जे काही होतं ते त्या एका जाड लाकडी दारावर होतं.

दारावर मावशी कशी आली, तेही ऐका. तिचा नवरा कमालीचा संशयी. कामावर जाताना घराला बाहेरून कुलूप घालून जायचा. मावशीने बरेच दिवस सोसलं. मग एका सकाळी तिने खिडकीतून रस्त्याने जाणाऱ्या चावीवाल्याला हाक मारली. "अहो, चावी हरवलीय, एवढं कुलूप उघडून देता का?" चावीवाल्याने कुलूप उघडलं, तर आतली बाई हातात बॅग घेऊन, चपला घालून तयार उभी. तो काय समजायचं ते समजला. मजुरी घेतली नाही. उलट म्हणाला, "माझ्या दुकानाशेजारी हॉल आहे, तिथे दारावर माणूस हवंय. बघा जमतंय का." मावशी तिथून आमच्या घरी आली, पाणी प्यायली आणि तशीच हॉलवर गेली. नवरा नंतर दोनदा आला होता बोलवायला. दोन्ही वेळा कार्यक्रम चालू होता, त्यामुळे मावशीने दार उघडलं नाही.

मोठी झाल्यावर मी तिला एकदा म्हटलं होतं, "मावशी, गंमत बघ. तो बाहेरून दार लावायचा आणि तू आता आतून..."

"अर्थ काढत बसू नकोस," ती म्हणाली. "कांदा चीर."

तिचं काम असं. घंटा वाजवायची, दार लावायचं, आतून कडी घालायची. एकदा कडी पडली की पहिलं गाणं संपेपर्यंत दार उघडत नाही. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, वाजवणारे सूर जुळवायला लागले, की तेवढ्या फटीत बाहेर खोळंबलेल्यांना आत घ्यायचं आणि पुन्हा कडी. लाकडी जमिनीवर बूट वाजतात म्हणून उशिरा येणाऱ्यांनी बूट हातात घ्यायचे. यात डॉक्टरला सूट नाही, वकिलाला नाही, बँकेच्या साहेबाला नाही. मोठमोठी माणसं हातात बूट धरून, मोज्यांतून बाहेर आलेली बोटं लपवत, चोरासारखी आत सरकताना मी पाहिली आहेत. दाराला डोळ्यांच्या उंचीवर एक फट होती, तिला सरकती फळी. कोणी ठोठावलं तर मावशी फळी सरकवायची, ओठांवर बोट ठेवायची आणि फळी लावून टाकायची. बस, एवढंच संभाषण.

या नियमापायी तिने एकदा भलताच घोळ घातला. ती नवी होती तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी बासरीवादनाचा कार्यक्रम होता. बासरीवाले भले गृहस्थ, सुरू व्हायच्या आधी घसा कोरडा पडला म्हणून समोर चहा प्यायला गेले. इकडे मावशीने वेळ झाली म्हणून घंटा वाजवली आणि कडी घातली. बासरीवाले परत आले, तर दार बंद. ठोठावलं. फळी सरकली, बोट ओठांवर गेलं, फळी बंद. पुन्हा ठोठावलं.

"अहो, मी बासरीवाला!"

"सगळे असंच काहीतरी सांगतात," मावशी कुजबुजली. "पहिलं गाणं संपलं की घेते आत."

"अहो बाई, मी आत आल्याशिवाय पहिलं गाणं सुरू कसं होणार?"

"ते मला माहीत नाही. उशिरा का आलात?"

आत लोक रिकाम्या रंगमंचाकडे बघत बसलेले, बाहेर बासरीवाला फुटपाथवर, आणि मधे मावशी, पहिलं गाणं संपायची वाट बघत. शेवटी म्हातारे मालक मागच्या दाराने धावत गेले आणि बासरीवाल्यांना हाताला धरून आत घेऊन आले. मावशीला वाटलं, गेली नोकरी. कार्यक्रमानंतर मालक तिच्यापाशी आले आणि पोट धरून इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. "जी बाई वाजवणाऱ्यालाच आत घेत नाही," ते म्हणाले, "तिच्या दारातून दुसरं कोण घुसणार? तुमची जागा आजपासून पक्की." ते बासरीवाले पुढे जेव्हा जेव्हा आले, तेव्हा आधी मावशीला आपलं तोंड नीट दाखवून मगच चहाला जायचे.

अशी वर्षांमागून वर्षं गेली. मग म्हातारे मालक वारले आणि हॉल त्यांच्या पुतण्याकडे गेला. आम्ही त्याला धाकटे मालक म्हणायला लागलो. माणूस वाईट नव्हता, हे मला कबूल करायलाच हवं, जरी करताना जीव जळतो. बोलायला गोड, कपड्यांना वास छान, आणि काकांच्या हॉलचं काहीतरी मोठं करून दाखवायचं अशी खरीच हौस होती. फक्त हॉलमध्ये बसून सबंध गाणं त्याने कधी ऐकलेलं नव्हतं. तो यायचा, हात मिळवायचा, जायचा.

त्याने मावशीला बोलावून घेतलं. "मावशी, जमाना बदललाय. दाराला कडी म्हणजे लोकांना कोंडल्यासारखं वाटतं. आता आपण मागच्या रांगा काढणार, तिथे कॉफीचं काउंटर टाकणार. लोक येतील, जातील, खातील, पितील. मागे गाणं चालू राहील."

"गाणं मागे?" मावशी म्हणाली. "मग पुढे काय? सँडविच?"

तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

गाणारे-वाजवणारे मात्र मूग गिळून गप्प बसले. कॉफीचं काउंटर कोणालाच नको होतं, पण तोंड उघडलं आणि तारीख मिळाली नाही तर जायचं कुठे? दुसरा हॉल उरलाच नव्हता. म्हणजे ज्यांनी भांडायचं ते गप्प, आणि जिला गाण्यातलं काही कळत नाही ती एकटी कंबर कसून उभी. याचा मला अजून राग येतो.

पहिली चकमक एका संध्याकाळी उडाली. व्हायोलिनचा कार्यक्रम होता. धाकटे मालक चार पाहुणे घेऊन आले, हॉलमध्ये पैसे घालायला तयार झालेली माणसं. आणि आले ते कार्यक्रम ऐन रंगात असताना. मी त्या वेळी बाहेर फुटपाथवरच होते, कारण मलाही उशीर झाला होता आणि सख्ख्या भाचीला काही सवलत नव्हती. धाकट्या मालकांनी टिचकीने दार वाजवलं. फळी सरकली.

"मावशी, मी आहे."

ओठांवर बोट. फळी बंद.

त्यांनी पुन्हा वाजवलं. फळी उघडलीच नाही. त्यांनी फोन लावला. मावशीचा फोन कार्यक्रमात बंद असतो, हे त्यांना कोण सांगणार? पाहुणे ज्यूसच्या गाडीपाशी उभे राहिले. धाकटे मालक हसून हसून त्यांच्याशी बोलत होते, पण कान लालबुंद झाले होते. गाणं लांबलं. व्हायोलिनवाल्याला काय माहीत, बाहेर कोणाचा जीव टांगणीला लागलाय!

अखेर टाळ्या वाजल्या आणि कडी निघाली. "बूट हातात," मावशी म्हणाली. पाहुण्यांनी मुकाट्याने काढले. त्यातल्या एक वयस्कर बाई तर खुशीत येऊन म्हणाल्या, "हे छान आहे हो!" धाकट्या मालकांनी मात्र मावशीकडे बघितलं, बूट घातलेलेच ठेवले आणि टाकटाक करत पहिल्या रांगेपर्यंत चालत गेले. व्हायोलिनवाल्याने गज उचललेला हात तसाच खाली घेतला आणि ते बसेपर्यंत वाट पाहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशीला ऑफिसात उभं केलं. "माझ्याच हॉलबाहेर मला ताटकळत ठेवलंत!"

"तुम्ही उशिरा आलात."

"मी मालक आहे!"

"मग तर सगळ्यांच्या आधी यायला पाहिजे."

धाकटे मालक म्हणाले, उद्यापासून येऊ नका.

मावशी घरी आली आणि चपला जागेवर ठेवून म्हणाली, "काढलं मला." आई म्हणाली, "सुटलीस. आता जरा बस निवांत. किती वर्षं त्या दाराशी डोकं लावत बसणार?" मावशी निवांत बसली नाही. आमच्या घरातलं एकही दार तिने सोडलं नाही. कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांना तेल पाजलं, न लागणाऱ्या कड्या ठोकून वठणीवर आणल्या. बाबा म्हणाले, "आता बाथरूमचं दार इतकं गुपचूप उघडतं की आत कोण आहे नाही कळतच नाही." आम्ही हसलो. पण एक दिवस दुपारी मी कामावरून लवकर आले, तर ती पुढच्या खोलीत खुर्ची दाराकडे तोंड करून बसली होती. हातात काही नाही, समोर बंद दार. मी बघितलं ते तिला कळू नये म्हणून मी उगाच चहा टाकायला आत गेले.

महिनाभराने हॉलवर पोस्टर लागलं. नूतनीकरणानंतरचा पहिला कार्यक्रम, सुट्टीच्या दिवशी सकाळी, आणि गाणाऱ्या बाई मोठ्या होत्या. वयाने मोठ्या आणि मानानेही. मावशी पोस्टरसमोर उभी राहिली, मग मला म्हणाली, "चल, दोन तिकिटं काढायची आहेत."

तिकीट खिडकीवरचे काका चपापले. "मावशी, तुम्हाला कसलं तिकीट? मी सोडतो ना आत."

"फुकट शिरायला मी काय मालकांची पाहुणी आहे? शेवटच्या रांगेतली द्या. दाराजवळची."

सुट्टीची सकाळ म्हणजे समोर बाजाराला ऊत आलेला असतो. आम्ही पोचलो आणि दार बघून मी थक्क झाले. लाकडी दाराच्या जागी चकचकीत काच. जवळ गेलं की आपोआप सरकते, लांब गेलं की आपोआप बंद होते. सेन्सरचं दार. विमानतळावर असतं तसलं. शेजारी गणवेश घातलेला एक मिशीवाला उभा. दार उघडलं की हसायचं, एवढंच त्याला सांगितलेलं होतं आणि तो ते मन लावून करत होता.

मावशीने दार बघितलं, मग फुटपाथ बघितला, मग पुन्हा दार. मग आत जाऊन बसली. या खेपेला तोंड रंगमंचाकडे, कारण खुर्च्या तशाच ठोकलेल्या होत्या.

बाईंनी डोळे मिटून सुरुवात केली. आवाज अगदी खालचा, कानाशी कोणी बोलावं तसा. सगळा हॉल पुढे झुकला. आणि फुस्स करून दार उघडलं. बाहेरून एक माणूस डोक्यावर गादी घेऊन चालला होता. तो गेला, दार बंद झालं. पुन्हा फुस्स. एक कुत्रं होतं. मिशीवाला कुत्र्याकडे बघून हसला.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. दार थेट फुटपाथवर, आणि फुटपाथ म्हणजे वाहता रस्ता. जो कोणी समोरून जाईल त्याच्यासाठी ते शहाणं दार अदबीने उघडायचं. ज्यूसवाल्याचं गिऱ्हाईक ग्लास हातात घेऊन एक पाऊल मागे सरकलं की फुस्स. एवढा खर्च करून दार बसवलं, पण ते बसवण्यापूर्वी दारात उभं राहून रस्ता कसा चालतो हे बघायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बघणारी एकच बाई होती, तिला काढलेलं. "मोसंबी की संत्रं?" हा प्रश्न बाईंच्या गाण्याच्या मधोमध इतका स्पष्ट ऐकू आला की पहिल्या रांगेतल्या कोणीतरी मागे वळून बघितलं.

आधी लोक गालातल्या गालात हसले. मग हसेनासे झाले. बाई गात राहिल्या, पण कपाळावर आठी पडली. मी मावशीकडे बघितलं. ती हाताची घडी घालून बसली होती आणि प्रत्येक फुस्सला तिची मान आखडत होती. शेवटी ती उठली.

"कुठे चाललीस?" मी कुजबुजले.

"कामाला."

ती बाहेर गेली. दार बंद झालं आणि काचेतून मला सगळं दिसायला लागलं. मावशी दारापासून चांगली लांब, ड्रायक्लीनरच्या बाजूला, फुटपाथच्या मधोमध उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येकाला हात आडवा करून रस्त्यापलीकडे वळवायला लागली. दुसऱ्या बाजूला तिने मिशीवाल्याला उभं केलं. तिने त्याला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण तो हसायचं थांबला आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला. ज्यूसवाल्याची गाडी तिने बोटाच्या इशाऱ्याने दहा पावलं मागे हटवली. एक म्हातारी पिशव्या घेऊन तिच्याशी तावातावाने भांडत होती. मावशीने तिच्या दोन्ही पिशव्या उचलल्या आणि पलीकडे नेऊन ठेवल्या. म्हातारी पिशव्यांमागे गेली.

दार उघडायचं थांबलं. बाईंच्या कपाळावरची आठी गेली. पण आता धाकट्या मालकांच्या लक्षात आलं. कॉफीच्या काउंटरपाशी उभे होते ते, तरातरा निघाले. दार उघडलं आणि ते नेमके दारात थांबले, त्यामुळे ते लागेना.

"मावशी! तुम्हाला काढलंय ना मी?"

"कामावरून काढलंत. फुटपाथवरून काढायला फुटपाथ काय तुमच्या काकांनी घेऊन ठेवलाय?"

हॉलमध्ये खसखस पिकली. सगळं स्पष्ट ऐकू येत होतं, दार उघडं होतं ना.

"तुम्ही माझ्या गिऱ्हाइकांना अडवताय!"

"मी कुत्र्यांना आणि गाद्यांना अडवतेय. त्यांची तिकिटं तुम्ही फाडली असतील तर सांगा, सोडते." मावशीने आपलं तिकीट त्यांच्या नाकासमोर धरलं. "हे माझं. रीतसर काढलेलं. मला गाणं ऐकायचंय."

"मग आत बसून ऐका!"

"आत बसून मोसंबीचा भाव ऐकू? तुमच्या काकांनी इतकी वर्षं या रस्त्याला आत पाऊल टाकू दिलं नाही. तुम्ही त्याला पायघड्या घातल्यात!"

तेवढ्यात गाणं थांबलं.

बाईंनी डोळे उघडले, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि शांतपणे म्हणाल्या, "मी थांबते. दार लागलं की सांगा."

पुढे काहीच झालं नाही. बाई रागावल्या नाहीत, उठल्या नाहीत. नुसत्या बसून राहिल्या. वाजवणाऱ्या दोघांनीही वाद्यं मांडीवर आडवी ठेवली. काउंटरवरचं कॉफीचं मशीन सूं सूं करत होतं, ते कोणीतरी बंद केलं. सबंध हॉल मागे वळून धाकट्या मालकांकडे बघत होता. पहिल्या रांगेतले ते पैसे घालणारे पाहुणेही. इतके दिवस मूग गिळून बसलेल्या माणसांनी त्या दिवशीही तोंड उघडलं नाही, पण एकाने जरी नजर वळवली असती तर शपथ!

धाकट्या मालकांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. दाराचा जीव गेला. त्यांनी ते हाताने ओढलं, तर लागलं, पण हात काढल्याबरोबर वीतभर मागे सरकलं. पुन्हा लावलं, पुन्हा सरकलं. तिथली जमीन उतरती होती.

"ए, इकडे ये!" त्यांनी फटीतून मिशीवाल्याला हाक मारली. "धर हे!"

मिशीवाल्याने आधी मावशीकडे बघितलं. "साहेब, मला दार उघडायला ठेवलंय," तो म्हणाला. "लावायचं काही बोललो नव्हतो आपण."

आता कोणाला सांगणार? धाकट्या मालकांनी कोटाच्या बाह्या वर केल्या, दोन्ही तळवे काचेवर टेकले आणि दार दाबून धरलं.

"लागलं?" बाईंनी विचारलं.

मी सगळ्यात जवळ बसले होते. मी उभी राहिले आणि म्हटलं, "लागलं."

बाई पुन्हा गायल्या. गाण्यातलं मलाही मावशीपेक्षा फार कळतं असं नाही, पण तेव्हा अंगावर सरसरून काटा आला. दोन सुरांच्या मधे बाई श्वास घेत होत्या, तो श्वास शेवटच्या रांगेत ऐकू येत होता. काचेच्या आत धाकटे मालक उभे, हात काचेवर, तोंड रस्त्याकडे. काचेच्या बाहेर मावशी. तिने एकदा वळून बघितलं. दोघांची नजरानजर झाली. दोघांमधे हातभराचं अंतर असेल, पण त्यांना बोलायची सोय नव्हती. मावशीने ओठांवर बोट ठेवलं आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं. गाणं लांबलं, चांगलंच लांबलं. धाकट्या मालकांच्या दंडांना कंप सुटलेला मला दिसत होता. त्या माणसाने सबंध गाणं पहिल्यांदाच ऐकलं असेल. त्याला ते आवडलं की नाही कोण जाणे, पण दार त्याने सोडलं नाही, एवढं मात्र खरं.

टाळ्या झाल्या तेव्हा त्यांनी दार सोडलं आणि हात झटकत बाहेर गेले. मीही मागोमाग गेले, मावशीला एकटं कशाला सोडा?

"मावशी," ते म्हणाले, "पुढच्या कार्यक्रमापासून या."

"कुठे? या काचेपाशी? माझं लाकडी दार बसवा, कडीसकट. मग येईन."

"ते मागे अंगणात टाकलंय. उन्हापावसाने खराब झालं असेल."

"मीही सकाळपासून उन्हातच आहे. झाले का खराब?" मावशी म्हणाली. "आणि ते दार बसेपर्यंत प्रत्येक कार्यक्रमाला मी इथे आहे. तिकीट काढून."

ती खरंच गेली. प्रत्येक कार्यक्रमाला गेली आणि फुटपाथवर उभी राहिली. मिशीवाला दुसऱ्या बाजूला. शेवटी दार परत बसलं. धाकटे मालक लोकांना सांगतात की हल्ली जुन्या वस्तूंची फॅशन आहे. सांगू देत. कॉफीचं काउंटर मागच्या अंगणात गेलं आणि मध्यंतरातच उघडतं.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी आम्ही दोघी घरी आलो, तेव्हा मावशीचा चेहरा उन्हाने रापला होता आणि घसा बसला होता. आईने ताटं वाढली आणि विचारलं, "मग? कसं झालं गाणं?"

"हिला विचार," मावशीने माझ्याकडे बोट दाखवलं. "मी बाहेर होते. दार लागल्यावर मला एक सूर ऐकू आला नाही."

आई हळहळली. "अगं, मग तिकीट वायाच गेलं की तुझं!"

मावशीने ताटातून मान वर केली. इतक्या खुशीत मी तिला कधी बघितलं नव्हतं.

"वाया कसं?" ती म्हणाली. "एक सूर बाहेर आला नाही म्हणते मी. एवढं घट्ट दार मला जन्मात लावता आलं नव्हतं, आणि आज लावून घेतलं ते मालकाच्या हातांनी."